टाकीतले मिश्रण आणि हंगामाची आखणी

कपाशीच्या हंगामात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "ही दोन्ही औषधे एकाच पंपात चालतील का?" पूर्वी 'दोन्ही' म्हणजे दोन रासायनिक कीटकनाशके असत, किंवा एक कीटकनाशक आणि एक टॉनिक. आता त्यात निंबोळी अर्क, बिव्हेरिया, व्हर्टिसिलियम यांची भर पडली आहे. जैविक औषधावर शेतकऱ्याचा पुरता भरवसा बसलेला नाही, रसायनाची धास्ती वाटू लागली आहे आणि फवारणीची मजुरी तर एकदाच परवडते. अशा वेळी दोन्ही एकत्र ढवळून एकदाच मारावे, असे वाटणे साहजिक आहे.

या पुस्तकाचा विषय हाच प्रश्न आहे, उत्तर मात्र पंपाच्या बाहेर शोधले आहे. जैविक आणि रासायनिक उपायांची सांगड घालता येते, घातलीही पाहिजे. पण बहुतेक वेळा ती हंगामाच्या दिवसांवर घालावी लागते. कशात काय मिसळावे यापेक्षा आधी काय आणि नंतर काय, याने पिकाचे भवितव्य अधिक ठरते. पुढची सारी प्रकरणे या एका म्हणण्याचा विस्तार आहेत.

ही कल्पना आजची नाही, आणि तिचे पहिले मोठे धडे कापसानेच दिले. पेरू देशात कान्येते नावाचे खोरे आहे. तिथल्या कापूस उत्पादकांनी १९४९ पासून डीडीटी, बीएचसी, टॉक्साफेन या नव्या रसायनांचा सर्रास वापर सुरू केला. पहिली काही वर्षे उत्पादन चढत गेले आणि १९५४ मध्ये ते शिखरावर पोहोचले. पण त्याच काळात किडी औषधांना दाद देईनाशा झाल्या, मित्रकीटक संपले आणि पूर्वी ज्यांची कुणी दखल घेत नव्हते असे कीटक मुख्य कीड होऊन बसले. फवारण्या वाढवूनही १९५५-५६ च्या हंगामात पीक कोसळले. मग उत्पादकांनीच नियम मागितले. नवी रसायने बंद झाली, मित्रकीटक बाहेरून आणून सोडण्यात आले, पेरणीच्या तारखा ठरल्या आणि खोडव्याच्या कापसावर बंदी आली. त्यानंतर काही हंगामांतच खोरे सावरले. आपल्याकडे फरदड घेऊ नका असे दरवर्षी सांगितले जाते. त्या सल्ल्याला इतका जुना आधार आहे.

दुसरा धडा कॅलिफोर्नियातल्या लसूणघासाच्या शेतांतून आला. स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये 'एकात्मिक नियंत्रणा'ची संकल्पना मांडली. एकात्मिक म्हणजे त्यांच्या लेखी जैविक आणि रासायनिक नियंत्रणाचा मेळ. मावा मरेल पण ढालकिडे आणि परजीवी गांधीलमाश्या बऱ्याच अंशी वाचतील असे औषध, तेवढ्याच मात्रेत वापरले, तर उरलेले काम मित्रकीटक करतात हे त्यांनी शेतात पाहिले होते. आज प्रत्येक कृषी सहायकाच्या तोंडी असलेला 'आर्थिक नुकसानीची पातळी' हा विचार त्याच लेखातून रुळला. कीड दिसली की फवारायचे, हा रिवाज त्याने मोडीत काढला. किडीची संख्या अमुक पातळीवर गेली आणि ती आपोआप खाली येण्याची चिन्हे नसली, तरच रसायनाचा खर्च अंगावर घ्यावा, असे त्याचे सांगणे आहे.

भारतात हे शहाणपण ठेचा खाऊनच आले. सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातील औषधे आपल्या कपाशीवर १९८० नंतर आली. स्वस्त, झटपट आणि डोळ्यांसमोर अळी पाडणारी म्हणून ती लोकप्रिय झाली. १९८७ च्या हंगामात आंध्र प्रदेशच्या किनारी जिल्ह्यांत हिरवी बोंडअळी, म्हणजे हेलिकोव्हर्पा, या औषधांना जुमानेना. त्याच दशकात त्याच पट्ट्यात पांढऱ्या माशीचाही उद्रेक झाला होता. अळीसाठी मारलेल्या औषधाने माशीचे शत्रू संपतात आणि माशीला रान मोकळे मिळते, हा दुवा तेव्हा ठळकपणे समोर आला. पुढे २०१५ मध्ये पंजाब-हरियाणात पांढऱ्या माशीने कपाशीची वाताहत केली, तेव्हाही बेसुमार आणि चुकीच्या फवारण्यांकडे बोट दाखवले गेले.

महाराष्ट्रात याच्या उलट दिशेने गेलेले एक गाव आहे. नांदेड जिल्ह्यातील आष्टा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राने इथल्या कोरडवाहू कपाशीवर गावपातळीवर प्रयोग केला. निंबोळी अर्क, ट्रायकोग्रामा, हेलिकोव्हर्पाचा विषाणू, पक्षी थांबे, कडेने चवळी-मका आणि अगदी गरज पडली तर रसायन, अशी त्याची मांडणी होती. तो एकट्या-दुकट्या शेतात नव्हता, सारे गाव त्यात होते. आणि माझ्या मते या प्रयोगाचे मर्म तिथेच आहे. त्यानंतर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कीटकनाशक प्रतिकार व्यवस्थापनाची आखणी देशभर नेली. तिने हंगामाचे टप्पे पाडले. सुरुवातीचे सुमारे साठ दिवस शक्यतो फवारणीविना, मग निंबोळी आणि विषाणूसारखे उपाय, त्यानंतर निवडक रसायने आणि पायरेथ्रॉईड अगदी शेवटी. या पुस्तकातील वेळापत्रक त्याच आखणीवर उभे आहे. बदललेल्या किडींनुसार त्यात फेरफार केले आहेत.

किडी बदलल्या त्या बीटीमुळे. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. हिरवी बोंडअळी मागे हटली आणि अळीसाठीच्या फवारण्या घटल्या. पण बीटीचे प्रथिन फक्त अळीवर्गीय किडींसाठी आहे. तुडतुडे, फुलकिडे, मावा, पांढरी माशी या रसशोषकांना त्याने काही होत नाही, आणि बाजारात आलेले अनेक संकरित वाण या किडींना बळी पडणारे होते. फवारणी अळीवरून तुडतुड्यांवर सरकली. पुढे गुलाबी बोंडअळीनेही बीटी पचवले. आधी गुजरातेत पहिल्या जनुकाला प्रतिकार आढळला, नंतर दोन जनुकांच्या वाणातही ती जिवंत सापडू लागली. २०१७-१८ च्या हंगामात महाराष्ट्रातील बोंडे आतून किडली आणि वेचणीला कवडी कापूस हाती आला.

दरम्यान पिठ्या ढेकणाचे प्रकरण घडले. ते या पुस्तकाच्या दृष्टीने फार बोलके आहे. २००५ नंतर हा परदेशी कीटक कपाशीवर वेगाने पसरला. अंगावर मेणचट पांढरे आवरण असल्याने औषध त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. तरी जहाल औषधांचे पंपामागून पंप रिते झाले. दोन-तीन हंगामांनंतर तो आटोक्यात आला, त्यात सर्वांत मोठा वाटा आनेशियस नावाच्या एका सूक्ष्म गांधीलमाशीचा होता. ती ढेकणाच्या पोटात अंडे घालते, ढेकूण फुगून कडक होतो आणि त्यातून नवी माशी बाहेर पडते. तिला कुणी मुद्दाम आणले नव्हते. २००९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले, तेव्हा आष्ट्याच्या प्रयोगाशी जोडलेले शास्त्रज्ञ बांबावाले यांचे नाव तिला देण्यात आले. ज्या शेतात जहाल फवारण्या कमी होत्या तिथे तिला थारा मिळाला. रसायनाने काय मारले याचा हिशेब आपण ठेवतो, काय मरू दिले नाही याचाही ठेवायला हवा.

आता जैविक उपायांविषयी. 'जैविक' या एका शब्दाखाली आपण निरनिराळ्या गोष्टी कोंबतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. निंबोळी अर्क वनस्पतिजन्य आहे, पण जिवंत नाही. पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्याला पुरवली की पाच टक्के अर्क होतो. तो किडीला खाण्यापासून, अंडी घालण्यापासून परावृत्त करतो आणि तिची वाढ बिघडवतो. फवारल्याच्या दुसऱ्या दिवशी मेलेले किडे मोजायला गेलेला शेतकरी म्हणूनच निराश होतो. बिव्हेरिया, मेटारायझियम, व्हर्टिसिलियम या जिवंत बुरशी आहेत. त्यांचे बीजाणू किडीच्या कातडीवर रुजतात आणि आत शिरतात. त्यासाठी हवेत भरपूर ओलावा लागतो. ऑगस्टमधल्या ढगाळ, दमट आठवड्यात त्या कामाच्या असतात. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात त्याच पुड्या वाया जातात. हेलिकोव्हर्पाचा विषाणू अळीने खावा लागतो. चार ते सात दिवसांत अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि उलटी लटकून मरते. उन्हातील अतिनील किरणांनी तो निकामी होतो, म्हणून तो सायंकाळी फवारतात आणि पाण्यात नीळ घालतात. तो दुसऱ्या कोणत्याही अळीवर चालत नाही. गुलाबी बोंडअळीसाठी तो घेऊन जाणाऱ्याला दुकानदाराने थांबवले पाहिजे. ट्रायकोग्रामा ही तर फवारायची वस्तूच नाही. अर्ध्या मिलिमीटरची ही गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते आणि अळी जन्मण्याआधीच प्रश्न मिटवते. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाली की लवकरच बोंडात शिरते आणि तिने केलेले छिद्र बुजून जाते. मग वरून काहीही फवारले तरी ती सुरक्षित. तिला अंड्यातच गाठण्याचे मोल त्यामुळे फार मोठे आहे.

हे स्वभाव ध्यानात घेतले की टाकीतल्या मिश्रणाचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो. बुरशीजन्य कीटकनाशकात बुरशीनाशक मिसळणे म्हणजे स्वतःच विकत घेतलेला जीव मारणे. कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेब, तांब्याची औषधे यांच्याशी त्याचे जमत नाही. कीटकनाशकांत फरक आहे. इमिडाक्लोप्रिडसारखी काही औषधे शिफारशीच्या मात्रेत बीजाणूंना फारसा त्रास देत नाहीत, तर प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉससारखी बीजाणूंचे रुजणे रोखतात. औषधातले मूळ विष जसे पाहावे लागते तसे त्यातील द्रावक आणि पसरट करणारे घटकही, कारण बऱ्याचदा जीव घेतात ते तेच. अल्कधर्मी पाण्यात विषाणू आणि बीटी जिवाणू दोन्ही दुबळे होतात, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांचेही विघटन होते. दोन औषधे बरणीत ओतून साका बसतो का, चोथा होतो का हे अनेकजण पाहतात. ही चाचणी उपयोगी आहे, पण तिने फक्त द्रावण फाटते की नाही ते कळते. आतले बीजाणू जिवंत आहेत का, हे बरणी सांगत नाही. शंका असेल तिथे वेगळी फवारणी, स्वच्छ धुतलेला पंप आणि मध्ये काही दिवसांचे अंतर, हाच भरवशाचा नियम.

म्हणून सांगड कॅलेंडरवर. विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू पऱ्हाटी जूनच्या मध्यापासून पेरली जाते असे धरले, तर पहिला टप्पा बियाण्यापाशीच सुरू होतो. बीजप्रक्रिया केलेले बियाणे महिनाभर तुडतुड्यांपासून झाडाला आधार देते. हेही रसायनच, पण ते रोपाच्या रसात राहते. पानावर फिरणाऱ्या ढालकिड्याच्या, कोळ्याच्या अंगावर पडत नाही. त्यामुळे पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी 'सुरुवातीची एक' म्हणून मारलेली जहाल फवारणी केवळ निरर्थक नसते, ती पुढच्या चार फवारण्यांना आमंत्रण असते. याच दिवसांत शेतात मित्रकीटकांची पहिली पिढी बसते. ती उठवली तर सप्टेंबरपर्यंत परत उभी राहत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये निंबोळी अर्क, आणि हवा दमट असेल तेव्हा बुरशी. तुडतुडे मोजायचे ते वीस झाडांवर, प्रत्येकाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पानावर. पानामागे सरासरी दोन-तीनच्या वर गेले आणि पानांच्या कडा पिवळ्या पडून वळू लागल्या, की रसायनाला वाट द्यायची. तेही निवडक: फ्लोनिकामिडसारखे रसशोषकाचे खाणे थांबवणारे किंवा बुप्रोफेझिनसारखे त्याची वाढ अडवणारे. पात्या धरू लागल्या की कामगंध सापळे लावायचे आणि डोमकळ्या तोडून नष्ट करायच्या. फुले वाढली की ट्रायकोकार्ड पानांच्या खाली टाचायची आणि त्याच्या आगेमागे काही दिवस कोणतीही रासायनिक फवारणी करायची नाही. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा शंभरातील दहा फुलांत वा हिरव्या बोंडांत अळी निघाली, की मग रसायनाची पाळी. पायरेथ्रॉईड शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवायचे, कारण ते लवकर मारले की पांढरी माशी उसळते. आणि डिसेंबरअखेर शेत रिकामे. फरदडीच्या दोन क्विंटलांसाठी गुलाबी अळीला उन्हाळाभर घर देण्याइतकी महागडी शेती दुसरी नाही.

या विषयाची एक बाजू पिकाच्या पलीकडची आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट होती, चार्जिंगच्या आणि पेट्रोलच्या पंपांचा तुषार अंगावर येत होता. हातमोजे, मुखपट्टी बहुतेकांकडे नव्हती. आणि टाकीत अनेकदा दोन-तीन औषधे एकत्र होती. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवर अॅट्रोपिनचा उतारा आहे, प्रत्येक विषाला तसा उतारा नाही. नेमके काय फवारले हेच कळले नाही तर डॉक्टरचे हात बांधले जातात. टाकीतले मिश्रण हा कार्यक्षमतेचा विषय म्हणून आपण बोलतो, पण तो फवारणाऱ्याच्या जिवाचा विषय आहे. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे; त्याखाली औषधाच्या लेबलवर पीक, कीड, मात्रा छापलेली असते, धोक्याची पातळी सांगणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. शेतात स्वतः ढवळलेल्या मिश्रणाला असा कोणताही त्रिकोण नसतो. एक जहाल फवारणी टळली, तर एका माणसाचे तेवढे दिवस विषाच्या धुक्यात जात नाहीत. जैविक उपायांचा हा नफा हिशेबाच्या वहीत लिहिला जात नाही, तो लिहावा असा माझा आग्रह आहे.

जैविक उपायांची भलामण मात्र या पुस्तकात आंधळेपणाने केलेली नाही. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. बुरशीच्या पुडीवर ग्रॅममागे बीजाणूंची संख्या छापलेली असते, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या गोदामात राहिलेल्या पुडीत त्यातले किती जिवंत उरतात? बाजारात जैविकच्या नावाखाली रसायन मिसळलेली औषधेही सापडली आहेत. ती 'लगेच गुण येतो' म्हणून खपतात आणि खऱ्या जैविक औषधाची पत घालवतात. ट्रायकोकार्ड वेळेवर मिळत नाहीत, मिळाली तर दोन-तीन दिवसांत लावली नाहीत की माश्या पिशवीतच निघतात. आणि एकट्याच्या दोन एकरांत मित्रकीटक जपून भागत नाही, जर धुऱ्यापलीकडचा शेजारी दर आठवड्याला सायपरमेथ्रिन मारत असेल. राज्याचा कीड सर्वेक्षण प्रकल्प, 'क्रॉपसॅप', २००९ पासून चालू आहे, कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे जैविक निविष्ठा तयार करतात. या यंत्रणा आहेत त्या गावाने वापरल्या तरच उपयोगी. सुमारे चाळीस लाख हेक्टर कपाशी, त्यातली बहुतांश पावसावर, असे राज्य दुसरे नाही. इथे जे चालेल ते स्वस्त, सोपे आणि सामूहिक असावे लागेल.

पुस्तकाची रचना त्या हिशेबानेच केली आहे. पहिल्या भागात किडी आणि मित्रकीटक ओळखायला शिकवले आहे, कारण ढालकिड्याची काटेरी अळी शत्रू समजून मारणारे आजही पुष्कळ आहेत. दुसऱ्या भागात मोजणी आहे: सापळा कसा वाचायचा, बोंडे कशी फोडून पाहायची, पान कुठे उलटायचे. तिसऱ्या भागात औषधे त्यांच्या गुणधर्मानुसार मांडली आहेत, मित्रकीटकांना किती जाच देतात त्या क्रमाने. कंपन्यांची नावे टाळून तांत्रिक नावे दिली आहेत. चौथ्या भागात जून ते डिसेंबर असे वेळापत्रक आहे. पाचव्या भागात फवारणाऱ्याची सुरक्षा, आणि तो भाग शेवटी असला तरी प्रथम वाचावा.

हे लेखन शेतकऱ्यांसाठी आहे, तितकेच ते काउंटरमागे उभ्या असलेल्या विक्रेत्यासाठीही आहे. गावातल्या बहुतेक शिफारशी विद्यापीठापेक्षा त्या काउंटरवरून निघतात, हे वास्तव नाकारण्यात अर्थ नाही. विक्रेत्याने औषध देण्याआधी "तुडतुडे मोजले का?" एवढे विचारायला सुरुवात केली, तर या पुस्तकाचे निम्मे काम होईल. उरलेले निम्मे काम शेतकऱ्याचे. त्याने यंदा सगळी शेती बदलायची गरज नाही. दोन एकरांचा एक तुकडा वेगळा काढावा, त्यावर पहिले साठ दिवस मोजणीशिवाय रसायन घालू नये, प्रत्येक फवारणीची तारीख, खर्च आणि मजुरी लिहावी, आणि वेचणीनंतर उरलेल्या शेताशी ताळा करावा. माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा त्या वहीवर ठेवावा. वहीतला हिशेब या पुस्तकाच्या विरोधात गेला, तर तो मला जरूर कळवावा. पुढच्या आवृत्तीत त्याला जागा मिळेल.